हळदीच्या पेठेतली काळी गाडी: रबिंग करूनही जाळं परत का आलं

मार्चमधला सोमवार, सकाळचे साडेदहा. सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हळद व्यापारी आपली काळी सेडान घेऊन माझ्या गाडी-पॉलिशच्या शेडपुढं थांबले. यार्डात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. उतरले ते थेट बॉनेटकडं गेले. काळ्या रंगात सूर्याचं बिंब पडलं होतं, त्याच्या शेजारी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ. दीड महिन्यापूर्वी रबिंग मारून आणलंय. आणलं त्या दिवशी आरसा होता. आता हे काय हाय?"

बिंबाभोवती जाळं होतं. केसासारख्या बारीक रेघांचं, गोलात गोल, कोळ्यानं विणल्यासारखं. सावलीत गाडी चकचकीत दिसायची आणि उन्हात आणली की राखाडी. अण्णांचा संशय सरळ होता: रबिंग, म्हणजे मशीननं रंग घासून चकाकी आणायचं काम, करणाऱ्यानं स्वस्तातला माल वापरला. मी चांगल्यातला वापरावा आणि एकदाचं मिटवावं, एवढीच त्यांची मागणी.

गाडी मी लगेच ठेवून घेतली नाही. दीड महिन्यात रबिंगचं काम 'उतरलं' असं कुणी म्हणतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक, जाळं गेलंच नव्हतं, नुसतं झाकलं होतं. दुसरी, गेलं होतं, पण कुणीतरी नवं पाडलं. इथं दोन्ही निघालं, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती.

गोल दिसतं, पण गोल नसतं

जाळं पाहून लोक म्हणतात, "गोल गोल पुसलंय म्हणून गोल चरे पडलेत." माझाही सुरुवातीला हाच समज होता. अण्णांनाही तसंच वाटत होतं, म्हणून मी माझ्या डब्यातली स्टीलची ताटली काढून उन्हात धरली. रोज घासून घासून ताटलीवर सगळ्या दिशांना चरे पडलेले असतात. पण डोळ्याला दिसतात ते फक्त बिंबाला वळसा घालणारे. ताटली तिरकी केली, बिंब दुसरीकडं सरकलं, आणि गोलही त्याच्यासोबत सरकले. चरे जागचे हलले नाहीत. एखादा चरा उजेडाच्या रेषेला आडवा असेल तरच त्याच्या कडेवरून उजेड आपल्या डोळ्यात येतो. बाकीचे तिथंच असतात, लपून. म्हणजे 'आम्ही सरळ रेषेत पुसतो, त्यामुळं जाळं पडत नाही' हे म्हणणं अर्धंच खरं. सरळ पुसल्यावर एका दिशेचे चरे पडतात आणि कमी नजरेत येतात, इतकंच.

मग पांढऱ्या गाडीवर का नाही दिसत? पडतात तितकेच. पांढरा रंग स्वतःच सगळीकडं उजेड उधळत असतो, त्यात चऱ्याचा उजेड बुडून जातो. काळा रंग काहीच परत देत नाही, म्हणून चरा एकटा लखलखतो. पाटीवर खडूची रेघ उठते तसं.

आणि हे सगळं रंगात नसतं, रंगावरच्या पारदर्शक थरात असतं. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या गाडीला प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉनचा थर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जाड असतो. रबिंग म्हणजे या थराचा वरचा भाग चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट करणं. चरा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचं काढून टाकलं जातं.

हे सांगताना मला फार शब्द खर्चावे लागले नाहीत. सांगलीत पॉलिश हा शब्द गाडीच्या आधी हळदीचा आहे. मी एवढंच विचारलं, "अण्णा, वाळलेली हळकुंडं पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवल्यावर काय होतं?"

"साल जाते. चकाकी येते."

"आणि वजन?"

"घटतं की."

एवढं बोलून ते थांबले, बॉनेटकडं बघितलं आणि व्यापाऱ्यानं विचारावा तोच प्रश्न विचारला: "मग हिचं किती उरलंय?"

मोजणी

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, गेज म्हणतो आम्ही. एका जागी एकदा टेकवून काही कळत नाही, कारण यंत्राची स्वतःची चूक दोन-तीन मायक्रॉनची असते. एका पत्र्यावर दहा-बारा ठिकाणी टेकवायचं आणि सरासरी धरायची. छत 114 आलं, डिकी 112, बॉनेटचा मधला भाग 106. डावं मागचं दार 230, म्हणजे ते कधीतरी ठोकून पुन्हा रंगवलेलं. अण्णांनी आधी नाही म्हटलं, मग आठवलं: मुलगा गाडी शिकत होता तेव्हा.

आकडा टोचला तो बॉनेटवरच्या उठावाच्या रेषेवरचा. तिथं 84. पत्र्याच्या कडेवर आणि उठावावर मुळातच थर पातळ बसतो, आणि फिरत्या मशीनचा सगळा भार त्याच चिंचोळ्या जागेवर येतो. आधीच्या रबिंगमध्ये तिथं टेप लावलेला नसणार. गेज एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती हे वेगळं सांगत नाही, म्हणून 84 म्हणजे नक्की किती धोका हे ठामपणे म्हणता येत नाही. पण शेजारी 106 आणि इथं 84 असेल तर त्या रेषेला मशीन लावायचं नाही, एवढं कळायला पुरे.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण फडक्यावर घेऊन बॉनेटचा हातभर तुकडा पुसला आणि त्यावर टॉर्च मारला. तेवढ्या तुकड्यात जाळं दुप्पट झालं. रबिंगसाठी लावायच्या पेस्टला कंपाउंड म्हणतात. बऱ्याच कंपाउंडमध्ये तेलं असतात, काहींत चरे भरून काढणारे पदार्थ. काम संपल्यावर गाडी आरशासारखी दिसते, आणि चार-सहा धुण्यांत तेल निघून गेलं की खालचं जसंच्या तसं वर येतं. त्याखेरीज बॉनेटवर आणि दारांवर लांब, धुरकट पट्टे होते, आपण चाललो की सोबत चालणारे. लोकरी पॅड आणि जोरदार कंपाउंड लावून रोटरी मशीन फिरवलं आणि नंतर बारीक पॉलिशचा हात दिला नाही की असे पट्टे राहतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. म्हणजे आधीचं काम अर्धवट होतं, हे खरं. दीड हजारात पूर्ण होणारही नव्हतं, हेही तितकंच खरं.

पण झाकलेलं उघडं पडलं एवढ्यावर माझं समाधान होईना, कारण टॉर्च छतावर नेला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. छताच्या दोन्ही कडांना जाळं दाट होतं आणि मध्ये वीतभर रुंदीचा पट्टा जवळजवळ स्वच्छ. बॉनेटवर कडेला दाट, काचेजवळ मध्यात विरळ. दारांवर खांद्यापासून कमरेपर्यंत दाट, खाली कमी. खरं तर दाराच्या खालच्या भागावर चाकांची धूळ सगळ्यात जास्त उडते. तिथंच चरे कमी का?

कारण तिथं माणसाचा हात जात नव्हता. गाडीवर कुणाच्या तरी हाताचा नकाशा उमटला होता. मध्यम उंचीचा माणूस, गाडीच्या बाजूला उभा, पुसताना फार वाकत नाही.

अण्णांसोबत आलेलं एक पोरगं तिथंच उभं होतं. अण्णांच्या अडत दुकानात वरकाम करतं, गाडी पुसायचं कामही त्याच्याकडंच. विचारलं, "दिवसातून किती वेळा पुसतोस रे?"

"दोनदा, दादा. सकाळी, आणि सौदे झाल्यावर."

"कशानं?"

"बनियनच्या फडक्यानं. मऊ असतंय."

रबिंग होऊन सहा आठवडे झालेले, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला दोन वेळा. बहात्तर वेळा कोरडं फडकं फिरलं होतं. अण्णा पोराकडं बघायला लागले, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. चूक त्याची नाही. धूळ बसली की मालक ओरडतो, मालक ओरडू नये म्हणून तो पुसतो, आणि पुसल्यामुळं गाडी खराब होते म्हणून मालक रबिंगला पैसे घालतो. पोरगं तर नेमून दिलेलं काम चोख करत होतं.

फडकं मऊ असतं, माती नसते

हळदीची स्वतःची भुकटी रंगावर चरे पाडत नाही. पण यार्डातली धूळ म्हणजे नुसती हळद नव्हे. हळकुंडांना शेतातली माती चिकटून येते, पोती आपटली की ती उडते. त्यात ट्रकच्या चाकांनी आणलेली खडीची भुकटी. हंगामात ऊस कारखान्यांच्या धुराड्यातली राख आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी. या राखेत सिलिका भरपूर असते. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. सिलिकाच्या कणापुढं ते लोण्यासारखं. फडकं कितीही मऊ असो, ते त्या कणाला फक्त धरून फिरवायचं काम करतं.

ओलं फडकं फिरवलं तर चालेल, हा आणखी एक लाडका समज. अर्धवट ओल्या फडक्याखाली धुळीचा चिखल होतो आणि तोच घासला जातो. दुकानात मिळणारे मेण लावलेले झुपकेदार डस्टर थोडे बरे, पण अण्णांच्या गाडीवर बसते तेवढ्या थराला नाहीत. आणि ज्यांना वाटतं की गाडीवर कव्हर घातलं की सुटलो, त्यांनी धुळीच्या गाडीवर कव्हर ओढताना खालून येणारा किरकिर आवाज एकदा ऐकावा.

धुण्यात निघालेला दुसरा धागा

दुपारी गाडी सावलीत घेतली, पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबलो आणि धुवायला सुरुवात केली. काळी गाडी मार्चच्या उन्हात तासभर उभी राहिली तर बॉनेटवर तळहात टेकवत नाही. अशा पत्र्यावर शाम्पू टाकला की धुण्याआधीच वाळतो.

आधी नुसत्या पाण्याचा प्रेशर, मग फोम. फोम पाच मिनिटं तसाच ठेवायचा. हात लावायचा नाही. या पाच मिनिटांत निम्मं काम होतं, कारण जी माती हात न लावता खाली वाहून जाते ती चरा पाडू शकत नाही. फोम पांढराशुभ्र मारला होता, खाली ओघळताना पिवळा झाला. ते बघून पोरगं पटकन बोललं, "आमच्यात तर फेस तांबडा येतोय की."

मी पाइप खाली ठेवला. तांबडा?

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल पडतं. फेस तांबडा येतो याचा अर्थ शाम्पू क्षारयुक्त आहे. विचारलं तर निघालं की रविवारी गाडी धुतली जाते ती कपडे धुवायच्या पावडरीनं, एकाच बादलीत, त्याच बनियनच्या फडक्यानं. खात्री म्हणून वाटीत थोडी हळद घेऊन आधी माझा शाम्पू घातला: पिवळीच राहिली. दुसऱ्या वाटीत धुण्याची पावडर घातली: विटकरी लाल. अण्णांनी दोन्ही वाट्या उजेडात धरून बराच वेळ बघितल्या. हळदीत भेसळ ओळखणाऱ्या माणसाला ही परीक्षा माझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त पटली.

धुण्याची पावडर गाडीवरचं मेण उतरवते, तिच्यात गाडीच्या शाम्पूसारखी बुळबुळ नसते, आणि बादलीत घाईनं कालवली की न विरघळलेले दाणे फडक्यात येतात. एका बादलीचा दोष मात्र त्याहून मोठा. गाडीवरून काढलेली माती बादलीत जाते आणि पुढच्या बुडवणीत पुन्हा फडक्यावर चढून गाडीवर येते. म्हणून दोन बादल्या लागतात, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, आणि पाण्याच्या बादलीत तळाशी जाळी. फडकं आधी पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून घ्यायचं, माती खाली बसते, जाळीमुळं पुन्हा ढवळली जात नाही. मग शाम्पूत बुडवून पुढचा पत्रा. वरून खाली यायचं. दाराच्या खालच्या भागाला आणि चाकांना वेगळं फडकं, आणि ते पुन्हा वर न्यायचं नाही. हातातलं फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं संपलं.

शेवटचं पाणी हा आमच्या भागातला वेगळा ताप आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी इतकं जड असतं की काळ्या गाडीवर थेंब वाळला तर पांढरं गोल ठिपकं राहतं, आणि उन्हात राहिलं तर क्लिअरमध्ये रुतून बसतं. माझ्या शेडच्या बोअरचंही तेच. म्हणून शेवटचे दोन डबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे, आणि लगेच पुसणं. पुसणं म्हणजे घासणं नव्हे: मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा, वरून हात दाबायचा आणि उचलायचा. आरशांच्या आणि दिव्यांच्या फटींतलं पाणी ब्लोअरनं उडवायचं. अशीच एक फट पुढं मला चांगलीच नडली, ते सांगतोच.

क्ले, टेप आणि एक तुकडा

धुतलेल्या गाडीवरून हात फिरवला तर गुळगुळीत लागते. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तोच हात फिरवावा: सँडपेपर. ब्रेकची धूळ, वेल्डिंगचे कण, डांबराचे थेंब रुतून बसलेले असतात. लोखंडी कणांवर मारायचं द्रव असतं, ते लागलं की जांभळे ओघळ येतात. अण्णांच्या गाडीच्या मागच्या अंगाला भरपूर आले. उरलेलं क्लेनं, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या चिकट गोळ्यानं, काढलं, भरपूर शाम्पूच्या पाण्यात, वजन न देता. क्लेनंही बारीक चरे पडतात, म्हणून पॉलिश करायचं नसेल तर क्लेच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. नुसतं क्ले करून काळी गाडी परत देणारे लोक मला कळत नाहीत.

मग सगळ्या उठावांवर, कडांवर, रबराच्या पट्ट्यांवर टेप. त्या 84 च्या रेषेवर दुहेरी. यातच दीड तास गेला.

मशीन मी ड्युअल ॲक्शन वापरलं. रोटरीत पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतं, ताकद जास्त, उष्णताही जास्त. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड फिरतंही आणि हेलकावेही खातं, त्यामुळं एकाच जागी जळण्याची भीती कमी आणि होलोग्राम जवळजवळ नाहीत. काम हळू होतं, चालायचंच.

आधी एक तुकडा, दीड बाय दीड फुटाचा, बॉनेटच्या डाव्या बाजूला. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात: मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश. मशीन सेकंदाला इंचभर या वेगानं आडवं, मग उभं, असे पाच फेरे. अल्कोहोलनं पुसून टॉर्च. होलोग्राम गेले, जाळं निम्मं उरलं. दुसरा तुकडा, मध्यम पॅड आणि मध्यम कंपाउंड: जाळं बहुतेक गेलं, तुरळक खोल चरे राहिले. तिसऱ्या तुकड्यावर मायक्रोफायबर पॅड लावून ते खोल चरेही काढता आले असते. मी तिथंच थांबलो. अण्णांना शंभर टक्के हवं होतं. मी म्हटलं, शेवटच्या दहा टक्क्यांसाठी जेवढा थर जाईल, तेवढ्यात पुढं एक पूर्ण पॉलिश बसतं.

"म्हणजे बियाण्याला ठेवायचं," अण्णा म्हणाले. हळदीवाल्याला यापेक्षा वेगळं काय सांगणार.

डिकीच्या काठावर दोन चरे असे होते की नखाची कड त्यात अडकायची. नमुन्याच्या पिशव्या ठेवता-उचलताना पडलेले. नख अडकलं की सहसा चरा पॉलिशच्या पल्ल्याबाहेरचा. त्यांच्या फक्त कडा मऊ केल्या, म्हणजे उन्हात चमकणार नाहीत, आणि राहू दिले.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉनेटचा काचेकडचा भाग चालू होता. फिरत्या पॅडचा आवाज एकदम बदलला, 'घुं' मधून 'चर्र' झाला. मी तीन-चार सेकंदांनी मशीन उचललं. तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. टॉर्चखाली बॉनेटवर डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे चरे, सात-आठ, एकामागोमाग. ड्युअल ॲक्शन पॅडखाली कण अडकला की त्याची सही अशीच येते, वेटोळ्यांची.

कण आला होता काचेखालच्या जाळीतून. त्या जाळीत वर्षानुवर्षांची हळदीची माती साचलेली. मी वरवर पाणी मारलं, ब्लोअर फिरवला, पण आत ओलं होऊन घट्ट बसलेलं ढेकूळ तसंच राहिलं. रात्रभरात ते वाळलं आणि मशीनच्या थरथरीनं भुगा होऊन बाहेर पडलं. टेप मी जाळीच्या कडेला लावला होता, जाळीवर नाही. दोन इंच टेप वाचवला.

ते वेटोळे काढायला मध्यम कंपाउंडचे आणखी दोन हात द्यावे लागले. त्या जागी गेज आधी 107 दाखवत होतं, नंतर सरासरी 103. बाकी बॉनेटवर फरक दोनच्या आसपास, म्हणजे यंत्राच्या चुकीतच बसणारा. चार मायक्रॉन हा माझ्या निष्काळजीपणाचा आकडा, आणि तो मी अण्णांच्या कागदावर लिहून दिला. त्यांनी काही म्हटलं नाही, पण पैसे देताना त्या आकड्यावर बोट ठेवून पाचशे कमी दिले. बरोबरच केलं.

त्यानंतर सगळ्या गाडीला मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा हात. काळ्या गाडीवर ही दुसरी फेरी टाळता येत नाही, कारण मध्यम कंपाउंडची स्वतःची पुसटशी धूसर झाक राहते. पांढऱ्या गाडीवर ती कुणाच्या बापाला दिसत नाही. दर दोन तुकड्यांनंतर पॅड ब्रशनं साफ, आणि एकूण सहा पॅड बदलले. मशीनचे तास धरले तर दोन दिवसांत बारा.

9एच म्हणजे काय नव्हे

शेवटी अण्णांनी सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कडक संरक्षक थराचं, विचारलं. कुणीतरी सांगितलं होतं की 9एच कोटिंग केलं की चरा पडतच नाही, हिऱ्याच्या खालोखाल कडक. हे 9एच पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापातलं आहे, 9एच पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या मोजपट्टीतल्या नऊशी, म्हणजे माणकाशी, त्याचा काही संबंध नाही. थर तर एखाद-दोन मायक्रॉनचा. कोटिंग चांगलंच असतं: पाणी घरंगळतं, माती कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण दिवसातून दोनदा कोरडं फडकं फिरणार असेल तर त्या कोटिंगवरही जाळं पडणारच. मी साधं सीलंट, म्हणजे मेणासारखा संरक्षक थर, लावलं आणि म्हटलं, दसऱ्यापर्यंत पुसणं बंद ठेवून दाखवा, मग कोटिंगचं बोलू.

पोराची नवी पद्धत

खरं काम इथून पुढं होतं, आणि त्याला मशीन लागत नव्हतं. यार्डात प्रेशर पंप नाही, पाण्याची चैन नाही. रोज धुवा म्हणणं सोपं आहे, होणारं नाही. पोराशीच बोलून ठरवलं.

आठवडाभर धूळ बसली तर बसू द्यायची. फक्त काचा पुसायच्या. अण्णांना हे पचायला जड गेलं, कारण पेठेत गाडी धुळीनं भरलेली दिसणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्यावर पोरानंच उपाय काढला: गाडी पोती उतरवतात त्या बाजूला न लावता पलीकडच्या झाडाखाली, वाऱ्याच्या उलट बाजूला लावायची. धूळ निम्मी झाली. झाडावर पक्षी बसतात हा तोटा. त्यांची घाण मात्र लगेच काढायची, ओलं फडकं वर ठेवून, मऊ पडू देऊन, उचलून.

रविवारच्या फोमसाठी फवारणीचा पंप. शेतात औषध मारतात तो 16 लिटरचा, बॅटरीवरचा. घरात एक पडून होता, पण त्यातून तणनाशक मारलेलं, म्हणून नवा घ्यायला लावला. त्यात पाणी आणि गाडीचा शाम्पू. माझ्या शेडमधल्या फोमसारखा दाट फेस येत नाही, पण बारीक तुषारानं गाडी भिजते, पाच मिनिटं मुरते, आणि मग साध्या पाण्याच्या पंपानं खाली वाहते. त्यानंतर दोन बादल्या. बनियनच्या फडक्याची रवानगी सायकल पुसायला.

मायक्रोफायबर टॉवेल कसे धुवायचे हे वेगळं सांगावं लागलं. घरच्या कपड्यांत टाकले तर सुती धाग्यांचे तंतू आणि खिशातली रेती त्यात अडकते. कंडिशनर घातलं तर पाणी शोषायचे बंद होतात. वेगळे, साध्या लिक्विडमध्ये, सावलीत वाळवायचे. अण्णांच्या घरी वहिनींनी एक बादलीच वेगळी काढून दिली, वर मार्करनं 'गाडी' असं लिहून.

दसऱ्याला

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाडी पुन्हा शेडमध्ये आली. सात महिने, त्यातले चार पावसाळ्याचे. टॉर्च मारला. बॉनेटवर तुरळक रेघा होत्या, मोजता येतील इतक्या. ड्रायव्हरच्या दाराच्या कडीमागं नखांच्या खुणा, त्या सगळ्याच गाड्यांना असतात. डाव्या आरशाखाली पांढरे ठिपके होते. पोरानं कबूल केलं की एका रविवारी नळाला पाणी आलं नाही, बोअरचंच वापरलं. सौम्य आम्लाचं द्रव लावून ठिपके निघाले. गेज सगळीकडं मार्चचाच आकडा दाखवत होतं. सीलंटचा नवा हात दिला, मशीन काढलंच नाही.

अण्णा कोटिंगचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. जाताना पोरानं एकच शंका काढली: उद्या पूजेला झेंडूची माळ बॉनेटवर आडवी बांधतात, वाऱ्यानं ती घासली तर? मी म्हटलं, माळ तारेत ओवलेली असेल तर तारेनं चरा पडतो. दोऱ्यात ओवायला सांग आणि बॉनेटवर न टाकता पुढच्या जाळीलाच बांध. स्वस्तिक बॉनेटवर काढायचंच असेल तर कुंकू ओलं कालवून काढा, आणि संध्याकाळी पाणी मारून घालवा.

"पुसून नाही ना?"

"पुसून नाही."